भुंकणे कुत्र्याचे, जबाबदारी माणसाची

शहरांतील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या सभांतून पूर्वी तीन विषयांवर हमखास वाद होत असत : छताची गळती, वाहने उभी करण्याची जागा आणि थकलेली वर्गणी. गेल्या काही वर्षांत त्यांच्या पंक्तीला चौथा विषय येऊन बसला आहे. तो म्हणजे सदनिकांतून पाळलेली कुत्री. त्यातही चावणाऱ्या कुत्र्यापेक्षा भुंकणाऱ्या कुत्र्याने होणारा मनस्ताप अधिक चिवट असतो. चावणारा कुत्रा क्वचित चावतो आणि त्याचा बंदोबस्तही लवकर होतो. भुंकणारा मात्र रोज भुंकतो, आणि त्याने कोणास इजा केली असे दाखविता येत नसल्यामुळे तक्रार करणारा मनुष्यच हेकट ठरतो. भुंकणारा कुत्रा चावत नाही, अशी म्हण आपल्याकडे आहे. परंतु भुंकणारा कुत्रा माणसांना एकमेकांवर भुंकावयास लावतो, हा त्या म्हणीने न सांगितलेला अनुभव आज अनेक इमारती घेत आहेत.

हा प्रश्न क्षुल्लक आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी तो तीन दारांमागे जाऊन पाहावा. एका दारामागे दहावीच्या परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी आहे. दोन खोल्यांच्या घरात त्याला अभ्यासाची निराळी खोली नाही आणि वरच्या मजल्यावरचा आवाज थांबण्याची वाट पाहण्यात त्याचे प्रहरच्या प्रहर वाया जात आहेत. दुसऱ्या दारामागे रात्रपाळी करून आलेली परिचारिका आहे. जग जागे असताना तिला झोपावयाचे आहे. तिसऱ्या दारामागे तो कुत्राच आहे. सकाळी साडेआठला घरातील दोघेही लोकल गाठण्यासाठी बाहेर पडतात ते संध्याकाळी साडेसातला परततात. मधले अकरा तास तो गॅलरीच्या गजाला बांधलेला असतो. या तिघांत पहिले दोघे बोलू शकतात, तक्रार करू शकतात. तिसऱ्याची तक्रार हाच त्या दोघांचा त्रास आहे. तेव्हा तिसऱ्याचे दुःख हलके केल्यावाचून पहिल्या दोघांची सुटका नाही, हे प्रारंभीच ध्यानात घेतले, तर या वादातील अर्धी कटुता नाहीशी होईल.

राखणदार ते सोबती

मराठी मुलखाला कुत्रा नवा नाही. श्रीदत्ताच्या पायांशी चार कुत्री आहेत. खंडोबाच्या परिवारात कुत्र्याला मान आहे. इतका की, जेजुरीचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे मानून भुंकत आणि कोटंब्यातले अन्न खात. महाप्रस्थानाच्या वाटेवर बंधू आणि पत्नी गळून पडल्यावर युधिष्ठिरासोबत अखेरपर्यंत चालला तोही कुत्राच. परंतु पुराणातून खाली उतरून गावगाड्यात पाहिले, तर कुत्र्याचे स्थान भक्तीवर नव्हे, उपयुक्ततेवर आधारलेले होते. धनगराच्या मेंढरांभोवती, शेतकऱ्याच्या खळ्यावर, वाड्याच्या ओट्यावर तो पडून असे. रात्री पानाची सळसळ झाली तरी त्याने भुंकावे, अशीच अपेक्षा होती. जो भुंकत नाही तो कुत्रा कुचकामी समजला जाई. भुंकणे हा त्याचा दोष नव्हता. ती त्याची चाकरी होती, आणि भाकरीचा तुकडा हे तिचे वेतन होते.

परदेशी जातींचीही कथा हीच आहे. जर्मनीतील डॅशहुंड हा आखूड पायांचा कुत्रा बिळात शिरून बिज्जूची शिकार करण्यासाठी घडविला गेला. जमिनीखाली तो नेमका कोठे आहे हे शिकाऱ्याला कळावे म्हणून त्याचा आवाज त्याच्या देहाच्या मानाने मोठा ठेवण्यात आला. इंग्लंडमधील बीगल सशाच्या मागावर असताना लांब सूर काढतो, कारण मागून येणाऱ्या शिकाऱ्याला त्या सुरावरूनच दिशा समजे. जर्मन शेफर्डने कळप राखले. स्पिट्झ कुळातील कुत्र्यांनी अनोळखी चाहूल लागताच घरधन्याला सावध केले. याच्या उलट आफ्रिकेतील काँगोच्या खोऱ्यात बासेनजी नावाची एक जात आहे. ती इतर कुत्र्यांप्रमाणे भुंकत नाही, निराळाच घुमरा आवाज काढते. म्हणजे माणसाने ज्या कुत्र्याकडून जे मागितले ते त्याला पिढ्यान् पिढ्यांच्या निवडीतून मिळाले. आता आपण मागणी बदलली आहे. परंतु ती बदलल्याची वार्ता कुत्र्याच्या रक्तापर्यंत पोहोचलेली नाही.

आपली मागणी कशी बदलते हेही पाहण्यासारखे आहे. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' या चित्रपटातील टफी नावाच्या पांढऱ्याशुभ्र कुत्र्याने प्रेक्षकांना वेड लावले. तो आपल्याकडे ज्याला सरसकट 'पॉमेरियन' म्हणतात त्या भारतीय स्पिट्झ जातीचा होता. २००३ मध्ये मोबाइल सेवेच्या एका जाहिरातीत लहान मुलाच्या मागे निमूटपणे चालणारा पग आला आणि जिकडेतिकडे पग दिसू लागले. चित्रपटात आणि जाहिरातीत कुत्रा भुंकतो तो दिग्दर्शकाच्या इशाऱ्यावर. घरात तो स्वतःच्या गरजेने भुंकतो. पडद्यावरचा कुत्रा पाहून घरात कुत्रा आणणारा मनुष्य जातीचा इतिहास विचारत नाही. तो विचारतो फक्त किंमत आणि रंग.

भुंकण्यालाही भाषा असते

कुत्रा उगाचच भुंकतो, हा समज शास्त्राच्या कसोटीवर टिकलेला नाही. प्रौढ लांडगे क्वचितच भुंकतात. कुत्रा मात्र नाना प्रसंगी भुंकतो, आणि ही भर माणसाच्या सहवासात पडली असे मानले जाते. २००२ साली सोफिया यिन या अमेरिकी पशुवैद्यक संशोधिकेने दहा कुत्र्यांचे आवाज तीन निरनिराळ्या प्रसंगी ध्वनिमुद्रित करून त्यांचे विश्लेषण केले. दाराशी अनोळखी चाहूल लागली असता होणारे भुंकणे खालच्या पट्टीतले, खरखरीत व एकाला एक जोडून येणारे आढळले. एकटे कोंडले असता किंवा खेळताना होणारे भुंकणे वरच्या पट्टीतले आणि सुटेसुटे होते. २००५ मध्ये बुडापेस्टच्या विद्यापीठातील पेटर पोंग्राच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. त्यांनी मुडी जातीच्या हंगेरियन कुत्र्यांचे भुंकणे लोकांना ऐकविले आणि ते कोणत्या प्रसंगीचे असावे हे ओळखण्यास सांगितले. ज्यांनी आयुष्यात कधी कुत्रा पाळला नव्हता अशा श्रोत्यांनीही, नुसत्या अंदाजाने जुळावीत त्याहून कितीतरी अधिक उत्तरे बरोबर दिली. कुत्र्याची भाषा आपल्याला कळते. कळत नाही असे आपण दाखवतो, कारण कळली तर काही करावे लागेल.

ही भाषा व्यवहारात उतरवावयाची तर भुंकण्याचे पाच-सहा प्रकार सहज वेगळे काढता येतात. जिन्यात पावले वाजली की होणारे राखणीचे भुंकणे हा पहिला प्रकार. धनी घराबाहेर पडताच सुरू होऊन तासन् तास चालणारे, मधूनमधून कळवळ्याने रडण्यात परिणत होणारे विरहाचे भुंकणे हा दुसरा. ताटाकडे किंवा गळ्यात बांधावयाच्या पट्ट्याकडे पाहून केलेले मागणीचे भुंकणे हा तिसरा. फटाके आणि गडगडाट यांनी उठणारे भयाचे भुंकणे चौथा, आणि दिवसभर काहीच करावयास नसल्यामुळे एकाच लयीत चालणारे कंटाळ्याचे भुंकणे पाचवा. यांखेरीज वेदना, मंदावलेली दृष्टी वा श्रवण आणि वार्धक्यात येणारा बुद्धिभ्रंश ही कारणेही असतात. म्हातारा कुत्रा अचानक रात्री-अपरात्री भुंकू लागला, तर त्याला रागे भरण्यापूर्वी पशुवैद्याकडे न्यावे. माणसाला साधारणपणे वीस हजार हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, तर कुत्र्याची श्रवणमर्यादा पंचेचाळीस हजारांच्या आसपास जाते. आपल्याला निःशब्द वाटणारी खोली त्याच्या लेखी निःशब्द असेलच असे नाही.

बक्षीस देणारे आपणच

भुंकण्याची सवय कशी जडते, याचे उत्तर बहुतेक वेळा घरातच सापडते. सकाळी वर्तमानपत्र टाकणारा मुलगा दाराशी येतो, कुत्रा भुंकतो, मुलगा निघून जातो. तो आपल्या कामासाठी गेला हे आपल्याला माहीत आहे. कुत्र्याच्या हिशेबी मात्र तो भुंकण्यामुळे पळाला. हा 'विजय' त्याला दूधवाल्याकडून, टपालवाल्याकडून रोज मिळतो. आता घरपोच सामान आणणाऱ्यांमुळे दिवसातून कितीतरी वेळा मिळतो. ज्या कृतीला रोज यश येते ती कोण सोडून देईल?

दुसरी चूक ओरडण्याची. कुत्रा भुंकू लागला की आतल्या खोलीतून "गप्प बैस!" असा पुकारा होतो. कुत्र्याला त्या शब्दांचा अर्थ ठाऊक नसतो. आपला धनीही आपल्यासोबत आवाज करीत आहे, एवढेच त्याला समजते आणि त्याला अधिकच चेव येतो. तिसरी चूक याहून सूक्ष्म आहे. दहा वेळा भुंकण्याकडे दुर्लक्ष करून अकराव्या वेळी कंटाळून त्याला बिस्कीट टाकले जाते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी प्रयोगांनी दाखवून दिले की, प्रत्येक वेळी मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा अधूनमधून, अनपेक्षितपणे मिळणारे बक्षीस सवय अधिक घट्ट करते. लॉटरीचे तिकीट घेणारा मनुष्य ज्या आशेने पुन्हा तिकीट घेतो, त्याच आशेने कुत्रा पुन्हा भुंकतो. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच, असे आपण म्हणतो. पण येथे वाकडेपणा शेपटाचा नसून नळी धरणाऱ्या हाताचा असतो.

उपाय आणि अघोरी उपाय

मग करावे काय? पहिले काम निदानाचे. आठ दिवस एका वहीत नोंद ठेवावी : कुत्रा केव्हा भुंकला, किती वेळ भुंकला, त्याच्या आधी काय घडले. आपण घरी नसताना काय होते हे जाणून घेण्यासाठी जुना मोबाइल ध्वनिमुद्रणासाठी लावून ठेवावा आणि शेजाऱ्यांनाही मोकळेपणाने विचारावे. "आमचा कुत्रा मुळीच भुंकत नाही," असे सांगणारे बहुतेक लोक खोटे बोलत नसतात. ते घरात असताना तो खरोखरच भुंकत नाही.

कारण समजले की उपाय त्याच्यामागून येतो. रस्त्यावरची रहदारी पाहून भुंकणाऱ्या कुत्र्यासाठी खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचेला अपारदर्शक कागद लावणे आणि त्याची बसण्याची जागा दारापासून आत हलविणे, एवढ्यानेही बराच फरक पडतो. गॅलरी ही तर कुत्रा ठेवण्याची जागाच नव्हे. तेथे त्याला सर्व काही दिसते, ऐकू येते आणि कशापर्यंतही जाता येत नाही. घंटेला भुंकणाऱ्यासाठी घंटेचा अर्थच बदलावा लागतो. घरातील एकाने बाहेर जाऊन घंटा वाजवावी, दुसऱ्याने त्याच क्षणी कुत्र्याला त्याच्या चटईवर नेऊन खाऊ द्यावा. असे दिवसातून दहा-बारा वेळा, काही आठवडे केले, म्हणजे घंटा वाजताच दाराकडे न धावता तो चटईकडे धावू लागतो. 'शांत' हा शब्दही असाच शिकविता येतो. भुंकणे थांबून दोन-तीन सेकंद गेले की हळू आवाजात तो शब्द उच्चारून बक्षीस द्यावे आणि शांततेचा अवधी हळूहळू वाढवीत न्यावा. येथे बक्षीस शांततेला मिळते, भुंकण्याला नव्हे. हा क्रम चुकला तर शिकवणी उलटते.

मागणीच्या भुंकण्याला उपाय एकच : त्या क्षणी काहीही न देणे, त्याच्याकडे न पाहणे, न बोलणे. मात्र एक गोष्ट आधी जाणून घ्यावी. जे पूर्वी मिळत होते ते मिळेनासे झाले की कुत्रा पहिले काही दिवस पूर्वीपेक्षाही अधिक जोराने भुंकतो. याच टप्प्यावर बहुतेकजण हार मानतात आणि सर्व केलेले पाण्यात जाते. तेव्हा हा उपक्रम सुरू करण्यापूर्वी संस्थेच्या सूचनाफलकावर चार ओळी लिहून शेजाऱ्यांना कल्पना द्यावी. शेजारी त्रास सोसतात तो सहसा आवाजाच्या मोजमापाने नव्हे. कोणी काही करीत नाही या भावनेने तो असह्य होतो. प्रयत्न चालू आहे हे कळले की तोच आवाज थोडा कमी बोचतो.

कंटाळ्याच्या भुंकण्यावर सर्वांत स्वस्त औषध म्हणजे चालणे. सकाळी घाईघाईने पाच मिनिटे खाली नेऊन आणणे म्हणजे फिरविणे नव्हे. कुत्र्याला हुंगावयास वेळ हवा. हुंगणे हे त्याचे वर्तमानपत्र-वाचन आहे. घरी असताना त्याचे सर्व अन्न एका भांड्यात न देता थोडे पोकळ रबरी खेळण्यात भरावे, भाकरीचे तुकडे जुन्या पंचात गुंडाळून शोधावयास द्यावेत. ज्याला शोधण्यासारखे काही आहे तो थकतो, आणि थकलेला कुत्रा झोपतो.

विरहाचे भुंकणे सर्वांत अवघड, कारण ते सवय नसून भीती असते. येथे शिस्त निरुपयोगी ठरते. चपला घालाव्यात, किल्ल्या उचलाव्यात आणि बाहेर न जाता पुन्हा बसावे. मग अर्ध्या मिनिटासाठी बाहेर जावे, मग दोन मिनिटे, मग पाच. कुत्रा घाबरण्यापूर्वी परतावे आणि जाण्यायेण्याचा सोहळा करू नये. २०२० च्या टाळेबंदीत ज्या पिल्लांनी घर कधी रिकामे पाहिलेच नाही, त्यांच्या बाबतीत कचेऱ्या सुरू झाल्यावर हा क्रम एका दिवसात उलटला. ती भ्याली यात नवल नाही. तीव्र प्रकरणांत पशुवैद्याच्या देखरेखीखाली औषधांचाही उपयोग होतो, मात्र औषध शिकवणीला जोड म्हणून असते, तिच्या जागी नव्हे.

या सर्वांना वेळ लागतो, आणि वेळ नाही म्हणूनच अघोरी उपायांचा बाजार चालतो. भुंकताच मानेला विजेचा झटका देणारे पट्टे विकले जातात. वेल्सने २०१० सालीच अशा पट्ट्यांवर बंदी घातली. झटका भुंकण्याला बसतो, भुंकण्याच्या कारणाला बसत नाही. जिन्यातून जाणाऱ्या मुलाला पाहून भुंकलेल्या कुत्र्याला झटका बसला, तर तो वेदना त्या मुलाशी जोडतो आणि उद्या भुंकण्याऐवजी चावतो. तोंड घट्ट बांधून ठेवणे तर आपल्या उन्हाळ्यात जिवावर बेतू शकते, कारण कुत्रा धापा टाकूनच शरीरातील उष्णता बाहेर टाकतो. शस्त्रक्रिया करून आवाज काढून टाकण्याचा प्रकारही जगात चालतो. १९८७ च्या युरोपीय करारात पाळीव प्राण्यांवर करावयास मनाई असलेल्या शस्त्रक्रियांत शेपूट कापण्याच्या जोडीला त्याचाही समावेश आहे. रडणाऱ्या मुलाचा गळा बंद करून घरात शांतता नांदू लागली, असे कोणी म्हणत नाही. कुत्र्याच्या बाबतीत तसे म्हणावेसे वाटावे, हे आपल्या घाईचे लक्षण आहे.

कायदा काय सांगतो

वाद विकोपाला गेला की दोन्ही बाजू कायद्याचा आधार शोधू लागतात. एक म्हणतो, संस्थेने कुत्र्यांवर बंदी घालावी. दुसरा म्हणतो, कुत्रा पाळणे हा माझा हक्क आहे. दोघांनाही कायदा अर्धेच समाधान देतो. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही आणि केवळ भुंकणे हे अशा बंदीचे कारण होऊ शकत नाही. परंतु सततच्या भुंकण्याने शेजाऱ्यांना त्रास होतो, म्हणून कुत्र्याला, विशेषतः रात्री, शांत ठेवण्याचा सर्व प्रयत्न धन्याने करावा, असेही त्याच सूचना बजावतात. पहिले वाक्य फलकावर लावणारे पुष्कळ भेटतात, दुसरे वाचून दाखविणारा विरळा.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागांसाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या काळात ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. ते नियम कुत्र्याला डोळ्यांसमोर ठेवून केलेले नाहीत, हे खरे. पण तुलनेसाठी ते उपयोगी आहेत. २०१२ साली ऑस्ट्रेलियातील अॅडलेड येथे चार्ली नावाच्या गोल्डन रिट्रीव्हरच्या भुंकण्याची नोंद ११३.१ डेसिबल अशी झाली आणि ती गिनेसच्या विक्रमांत गेली. सर्वच कुत्री विक्रमवीर नसतात, पण डेसिबलचे गणित असे की, दर दहाच्या वाढीला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. रात्रीच्या ४५ डेसिबलच्या शांततेत मध्यम आकाराच्या कुत्र्याचा आवाजही किती मोठा वाटत असेल, याची यावरून कल्पना यावी. सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक निकालात नको असलेला आवाज ऐकण्याची सक्ती कोणावर करता येणार नाही, ही गोष्ट घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काशी जोडली. जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही आसपास राहणाऱ्या लोकांना होणारा त्रास सार्वजनिक उपद्रवाच्या व्याख्येत मोडतो.

परंतु या विषयावरील सर्वांत मार्मिक तरतूद जुनी आहे आणि ती फारशी कोणाला ठाऊक नाही. १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमात क्रूरतेच्या प्रकारांची यादी आहे. तीत मारहाण आहे, उपाशी ठेवणे आहे, टाकून देणेही आहे. त्याच यादीत असे म्हटले आहे की, नेहमी साखळीने बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम देण्याची हयगय करणे हाही गुन्हा होय. इतर प्राण्यांचे नाव न घेता येथे कायद्याने कुत्र्याचेच नाव घेतले आहे. दिवसभर गॅलरीत बांधलेल्या कुत्र्याचे भुंकणे ऐकून वैतागलेला शेजारी आणि तो कुत्रा हे एकाच खटल्यातील वादी आहेत, असा याचा अर्थ होतो. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र दहा ते पन्नास रुपये! एवढ्या रकमेत आज कुत्र्याला बांधावयाची साखळीही मिळणार नाही. तेव्हा कायदा दिशा दाखवितो, पण चालावे आपल्यालाच लागते.

शेजारधर्माची कसोटी

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. उत्सवातील ध्वनिवर्धक, वरातीतले ढोलताशे, मध्यरात्रीचे फटाके, विनाकारण वाजणारे भोंगे हे सारे निमूटपणे सोसणाऱ्या समाजाला एका मुक्या जनावराचाच आवाज का खुपावा? आक्षेपात तथ्य आहे. जो समाज दिवाळीत कुत्र्याला भयाने पलंगाखाली घुसावयास लावतो, त्याने त्याच्या भुंकण्याबद्दल बोलताना थोडे वरमावे, हे योग्यच. परंतु एका गोंगाटाने दुसऱ्याचे समर्थन होत नाही. उत्सव चार दिवसांनी संपतो. बांधलेल्या कुत्र्याचे भुंकणे वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस चालते. शिवाय ते थांबविणे ज्याच्या हाती आहे तो मनुष्य समोरच्या दारात राहतो, ही जाणीव त्या आवाजाला अधिकच टोचरा करते.

तेव्हा कुत्रा पाळण्याच्या हक्काची मर्यादा नेमकी कोठे आहे? आमच्या मते, कुत्रा पाळण्याच्या हक्कात त्याला दहा-अकरा तास एकटे सोडण्याचा हक्क समाविष्ट नाही. ज्या घरात दिवसभर कोणी नसते आणि ज्याला दुसरी व्यवस्था करणे शक्य नाही, त्याने कुत्रा आणू नये. हे वाक्य कठोर वाटेल, पण ते कुत्र्याच्या बाजूचे आहे. ज्याला आणावयाचा आहे त्याने जातीचा स्वभाव विचारावा, आईपासून फार लवकर तोडलेले पिल्लू घेऊ नये. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांतील अनुभव कुत्र्याच्या पुढील स्वभावाचा पाया घालतात, हे जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर यांच्या १९६५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या संशोधनापासून मानले जाते. त्या काळात पिल्लाला माणसांचा, जिन्याचा, घंटेचा, वाहनांचा धाकाशिवाय परिचय करून दिला, तर पुढचे निम्मे भुंकणे टळते.

शेजाऱ्यांचीही काही कर्तव्ये आहेत. तक्रार प्रथम दारावर जाऊन, मोघम न बोलता, दिवस आणि वेळ सांगून करावी. निनावी चिठ्ठ्या, गटावरील टोमणे आणि विष घालण्याच्या धमक्या यांनी आजवर एकही कुत्रा शांत झालेला नाही. शेवटचा प्रकार तर उघड गुन्हा आहे. संस्थांनीही बंदीचे ठराव करण्याऐवजी एका पानाचा शिरस्ता ठरवावा : रात्री कुत्रा गॅलरीत ठेवू नये, धनी घराबाहेर असताना उपलब्ध असणाऱ्या एका व्यक्तीचा दूरध्वनी क्रमांक शेजाऱ्यांकडे असावा, तक्रार आल्यावर शिकवणीसाठी ठरावीक आठवड्यांची मुदत द्यावी आणि त्या मुदतीत कोणी कोणाला टोचून बोलू नये.

याहूनही सोपा मार्ग त्याच जिन्यात सापडण्याजोगा आहे. ज्या इमारतीत एक कुत्रा दिवसभर एकटा असतो, त्याच इमारतीत बहुधा निवृत्त झालेले एखादे शिक्षक दुपारभर एकटे असतात, आणि शिकताशिकता चार पैसे मिळवू पाहणारा एखादा विद्यार्थीही असतो. दुपारी अर्धा तास कुत्र्याला खाली फिरवून आणण्याचे काम त्यांच्यापैकी कोणी स्वखुशीने अथवा मोबदल्यावर घेतले, तर कुत्र्याचा दिवस दोन भागांत विभागला जातो आणि अकरा तासांची कोंडी फुटते. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवे यंत्र लागत नाही. लागते ती एकमेकांच्या दाराची घंटा वाजविण्याची तयारी. चाळीत आणि वाड्यात ती आपोआप असे; सदनिकांच्या जाड दारांमागे ती मुद्दाम जोपासावी लागेल.

कुत्रा भुंकतो तेव्हा तो कोणाला तरी बोलावीत असतो. गावात त्या हाकेला कोणीतरी ओ देत असे, म्हणून ती थोड्या वेळात थांबत असे. शहरात ती थांबत नाही, कारण ओ देणारे कोणी घरात नसते आणि जे ऐकतात त्यांना ती हाक वाटत नाही, उपद्रव वाटतो. आवाज बंद करण्याची साधने बाजारात आणखीही येतील. परंतु हाकेला उत्तर मिळण्याची व्यवस्था बाजारात मिळत नाही. ती घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी मिळूनच करावी लागते.